‘मोना’ म्हणाला म्हणून लगेच चिडू नकोस

ताई,
मी पुण्यात तीन वर्षं स्पॅनिशचा क्लास केला, बी-दोन पातळीची परीक्षा पास झाले आणि दिवाळीनंतर एका कंपनीत लागले. रात्रपाळी असते, फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या. दुसऱ्याच आठवड्यात मेक्सिकोच्या एका बाईंचा फोन आला. मी अदबीने म्हटलं, ‘एक मिनिट, मी तुमची माहिती घेते.’ ‘घेणे’साठी आमच्या मॅडमनी शिकवलेलं क्रियापद वापरलं, कोहेर. पलीकडे आधी शांतता. मग बाई इतक्या हसल्या की त्यांनी नवऱ्याला बोलावलं आणि मला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. मी म्हटलंसुद्धा! टीम लीडरनी तो कॉल सगळ्यांसमोर वाजवला. नंतर कोलंबियाचा एक माणूस म्हणाला, ‘तुमचं नाव मला भेट द्या.’ मला वाटलं, लाइन मारतोय, मी तुसड्यासारखी बोलले, तर त्याचीच तक्रार आली. आता लीडरनी तीनशे शब्दांची यादी पाठ करायला दिली आहे, कुठल्या देशात काय बोलायचं नाही याची. मॅडमनी चुकीचं शिकवलं का? शुद्ध स्पॅनिश नक्की कुठलं? आणि ही यादी पाठ करू का?
ता. क. बोगोताच्या ऑफिसातला एक सहकारी मला ‘मोना’ म्हणतो. शब्दकोशात बघितलं तर माकडीण. तक्रार करू?
— गोंधळलेली, पुणे

प्रिय गोंधळलेली,

तुला एकेरीत लिहिते आहे, चालवून घे. एकेरी-अनेकेरीचा मुद्दा पुढे येणारच आहे.

आधी तुझ्या मॅडमना निर्दोष सोडू. त्या माद्रिदचं स्पॅनिश शिकवत होत्या आणि माद्रिदमध्ये कोहेर हा अगदी घरगुती शब्द आहे. तिथे माणसं बस कोहेर करतात, छत्री कोहेर करतात, वाजणारा फोन कोहेर करतात, पावसात भिजली तर सर्दीही कोहेर करतात. आजी नातवासमोर दिवसातून पन्नास वेळा हा शब्द उच्चारते. तोच शब्द मेक्सिकोत किंवा आर्जेंटिनात पोचला की थेट अंथरुणात शिरतो. तुमच्या माहितीबरोबर मी आता काय करणार आहे, असं तू त्या बाईंना सांगितलंस, ते मी इथे मराठीत लिहीत नाही. तुला कळलं आहे. त्या हसल्या, रागावल्या नाहीत, यावरून बाई चांगल्या असाव्यात. कॉल सगळ्यांसमोर वाजवणाऱ्या लीडरबद्दल मात्र मला तसं म्हणवत नाही.

पण यातून ‘स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत चालत नाही’ असा नियम काढू नकोस. कोलंबियात लोक खुशाल बस कोहेर करतात. क्युबात, पोर्तो रिकोतही करतात. म्हणजे मेक्सिकोत जीभ चावायची, दक्षिणेकडे बोगोतात सैल सोडायची आणि आणखी दक्षिणेला आर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेसला पुन्हा चावायची. नकाशावर रंगवायला घेतलंस तर ठिपक्याठिपक्यांची रांगोळी होईल.

हे होतं कसं? शब्द एकदा बाटला की चांगल्या घरचे अर्थ त्याला सोडून जातात. मेक्सिकोत ‘घेणे’ हे काम तोमार आणि आगारार या दोन क्रियापदांनी आपल्या अंगावर घेतलं. अंड्यांचंही तसंच. वेवो म्हणजे अंडं, पण पुरुषाच्या संदर्भात त्याचा दुसरा अर्थ आहे. म्हणून मेक्सिकोत काही जुन्या वळणाच्या बाया दुकानात ‘ब्लांकीयो’ मागतात, म्हणजे ‘पांढुरकी’. क्युबाच्या हावानात पपईचं नाव स्त्रीच्या अवयवाला चिकटलं, तर लोकांनी फळालाच नवं नाव दिलं, फ्रुता बोंबा. बॉम्ब फळ! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बांगडी फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो, डब्यातले तांदूळ संपले की तेही ‘वाढतात’, आणि रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ म्हणतो. आपण अशुभ टाळतो, ते अश्लील टाळतात, एवढाच फरक.

याचा फटका कंपन्यांनाही बसतो. मित्सुबिशीची पजेरो गाडी तुला आठवत असेल, आपल्याकडे पुढाऱ्यांच्या ताफ्यात हमखास असायची. नाव ठेवलं दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ भागातल्या एका रानमांजरावरून. पण स्पॅनिशमध्ये हेच नाव ‘पाहेरो’ असं वाचतात, आणि पाहेरो म्हणजे एकट्याने करायच्या उद्योगात रमलेला पुरुष. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तीच गाडी ‘मोंतेरो’ या नावाने विकावी लागली. नाव ठरवायला बसलेल्या एवढ्या मोठ्या कंपनीला जे सुचलं नाही, ते तुला रात्री अडीच वाजता हेडफोन लावून सुचायला हवं होतं, असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे.

आता तुझा कोलंबियाचा ग्राहक. बिचारा! ‘मे रेगाला सु नोम्ब्रे?’ असंच म्हणाला असणार. रेगालार म्हणजे भेट देणे, हे तुझ्या पुस्तकातलं बरोबर आहे. पण कोलंबियात ते नम्रतेचं रोजचं क्रियापद आहे. दुकानात ‘मला एक पेन भेट द्या’ म्हणतात आणि पैसे मोजून पेन घेतात. काउंटरवरची मुलगी ‘सही भेट द्या’ म्हणते. तो फक्त ‘आपलं नाव सांगता का?’ एवढंच विचारत होता, तेही आदबीने. तू त्याच्यावर डाफरलीस. पुढच्या वेळी असा कुणी आला तर ‘के पेना कोन उस्तेद’ म्हण. स्पेनमध्ये ‘के पेना’ म्हणजे ‘अरेरे, वाईट झालं’. बोगोतात त्याचा अर्थ ‘माफ करा हं, मलाच ओशाळल्यासारखं झालं’. रस्त्यात धक्का लागला तरी ‘के पेना’, बिलात चूक झाली तरी ‘के पेना’.

बोगोतात माझीही फजिती झाली आहे, तीही सांगून टाकते. एका कार्यालयात दुभाषी म्हणून गेले होते. सकाळचे नऊ, हवा पुण्यातल्या डिसेंबरसारखी. एक मध्यमवयीन बाई ट्रे घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, ‘ले प्रोबोका उन तींतो?’ माझं स्पॅनिश स्पेनवरून आलेलं. तींतो म्हणजे लाल वाइन, आणि प्रोबोकार म्हणजे डिवचणे, चेतवणे. सकाळी नऊला लाल वाइनने मला डिवचायला निघालेल्या या बाई कोण, ते कळेना. मी ताठ बसून सांगितलं, ‘आभारी आहे, मी दारू घेत नाही.’ बाईंनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप माझ्या नाकाखाली धरला. काळी कॉफी. कोलंबियात तींतो म्हणजे कोरी कॉफी, आणि ‘प्रोबोका का?’ म्हणजे ‘घेणार का, इच्छा आहे का?’ त्यानंतर आठवडाभर त्या रोज सकाळी मला विचारायच्या, ‘डोक्तोरा, थोडी दारू?’ मी रोज दोन कप प्यायले.

हे एकाच शब्दाचे अनेक अर्थ झाले. उलटा गोंधळही आहे. थंड पेय ओढायची साधी नळी घे. मेक्सिकोत ती पोपोते, हा तिथल्या जुन्या नावात्ल भाषेतून आलेला शब्द. कोलंबियात पितीयो, पण स्पेनमध्ये पितीयो मागितलास तर कुणी सिगारेट पुढे करेल. चिलीत बोंबीया, आणि स्पेनमध्ये बोंबीया म्हणजे विजेचा दिवा. आर्जेंटिनात बोंबीया म्हणजे माते नावाचा हिरवा काढा ओढायची धातूची नळी, जी घरातले सगळे एकामागून एक तोंडाला लावतात. (आपल्या सोवळ्याच्या आज्यांना हे पाहून काय वाटलं असतं!) बसचंही तेच. क्युबात, पोर्तो रिकोत आणि स्पेनच्याच कानारिया बेटांवर तिला ग्वाग्वा म्हणतात. चिली, पेरू, बोलिव्हिया, एक्वादोरमध्ये ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ, केचुआ भाषेतून आलेलं. हावानाचा माणूस चिलीच्या सांतियागोत गेला आणि म्हणाला, ‘मी ग्वाग्वाची वाट बघतोय,’ तर त्याचं अभिनंदन होईल.

एवढे शब्द आले कुठून? जहाजातून उतरलेली स्पॅनिश एकच होती असं धरलं तरी जमिनीवर तिला भेटलेल्या भाषा वेगवेगळ्या होत्या: मेक्सिकोत नावात्ल, अँडीज पर्वतात केचुआ, कॅरिबियन बेटांवर ताईनो. त्यात जहाजाचाही हात आहे. आमारार म्हणजे खरं तर नाव धक्क्याला बांधणे, पण लॅटिन अमेरिकेत बुटाची नाडीसुद्धा आमारार करतात. समुद्रात महिनोन्महिने खलाशांची भाषा कानावर पडली की दुसरं काय होणार? पुढे ब्वेनोस आयरेसच्या बंदरात इटालियन लोक लोंढ्याने उतरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे लुनफार्दो नावाची गल्लीबोळातली बोली तयार झाली. कामाला लाबुरो म्हणतात, ते इटालियन लावोरोवरून. शिवाय अक्षरं उलटी करायचा खेळ, आपण लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचो तसला. तांगोचा गोतान, काफेचा फेका. तुला आर्जेंटिनाच्या कुणी ‘फेका’ प्यायला बोलावलं तर फेकून काही द्यायचं नसतं.

आणि हे सगळं दूरदेशीचं म्हणू नकोस. रात्रपाळीला तू डब्यात नेलेली बटाट्याची भाजी याच गोंधळातून आली आहे. ताईनोंचा बताता म्हणजे रताळं. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, अँडीजमधल्या पापा या दुसऱ्याच कंदाशी त्याची सरमिसळ केली आणि स्पेनमध्ये पताता झाला. पोर्तुगीजांनी बताता हेच नाव बटाट्याला लावलं, आणि त्यांच्याकडून ते गोव्यामार्गे आपल्या ताटात आलं. लॅटिन अमेरिकेत बटाटा अजून पापाच आहे. ब्वेनोस आयरेसच्या मंडईत जाऊन तू आपल्या मराठी भरवशावर ‘बताता’ मागितलंस तर पिशवीत रताळी पडतील. मग उपास करावा लागेल.

आता जरा जपून वाचायचा भाग. ‘मस्त’ला कुठे काय म्हणतात, हे कुणीही सांगेल. मेक्सिकोत चीदो किंवा पाद्रे (हो, ‘बाप’), कोलंबिया-व्हेनेझुएलात चेबेरे, चिलीत बाकान, स्पेनमध्ये ग्वाय. चुकलंस तरी लोक फार तर हसतील. खरी गोम मित्राला मारायच्या हाकांत आहे. मेक्सिकोत दोन पोरं बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ‘वेय’ येतो. मूळ शब्द ब्वेय, म्हणजे बैल. आपल्याकडचा बैलोबाच, पण घासून घासून नुसता ‘अरे’ उरलेला. आर्जेंटिनात ‘बोलूदो’. त्याचा शब्दशः अर्थ तुला सांगत नाही, वेवोच्या परिच्छेदावरून ताड. मित्र मित्राला म्हणाला तर ‘भावा’, टॅक्सीवाला दुसऱ्या टॅक्सीवाल्याला काच खाली करून म्हणाला तर भांडण. अक्षरं तीच. सोलापुरात ‘काय बे’ म्हणून खांद्यावर हात पडतो ना, तो ‘बे’ तू तुझ्या सदाशिव पेठेतल्या घरमालकाला लावून बघ. सोलापूरकराला कुणी कोशात बघून ‘बे’ शिकवला नाही, आणि कुठे वापरायचा नाही हेही कुणी शिकवलं नाही.

म्हणून ती तीनशे शब्दांची यादी पाठ करू नकोस. फेकूनही देऊ नकोस, ड्रॉवरमध्ये ठेव. यादीत शब्दासमोर देश असतो आणि अर्थ असतो. कोण कुणाला म्हणालं, हसत म्हणालं की दात ओठ खात, ते नसतं. असला शब्द आपल्या कानासाठी असतो. जिभेवर यायला त्या माणसाशी आधी ओळख लागते, आणि फोनवरच्या ग्राहकाशी तुझी ओळख सहा मिनिटांची.

रोजच्या कामापुरतं सांगते. ‘घेणे’ला सरसकट तोमार. माहिती घेताना ‘तोमो नोता दे सुस दातोस’, तुमची माहिती लिहून घेते. हे माद्रिदपासून मोंतेविदेओपर्यंत कुठेही म्हण, कुणी नवऱ्याला बोलावणार नाही. जॅकेटला चाकेता म्हणून शिकली असशील. मेक्सिकोच्या ग्राहकाशी बोलताना चामारा म्हण, कारण मेक्सिकोत चाकेता हा त्या पजेरोचा सख्खा भाऊ आहे. मेक्सिकोचा ग्राहक ‘मांदे?’ म्हणाला तर त्याला नीट ऐकू आलेलं नाही. शब्दशः ते ‘आज्ञा करा’ असं होतं, पण तो आज्ञा मागत नाहीये, वाक्य परत म्हण. स्पेनचं ‘बाले’, म्हणजे ‘ठीक आहे’, तुझ्या तोंडात बसलं असेल, ते राहू दे. फार तर ओळखतील की मुलीचा क्लास स्पेनचा होता.

‘आओरीता’बद्दल मात्र सावध. आओरा म्हणजे आत्ता, आणि आओरीता म्हणजे व्याकरणाने ‘अगदी आत्ता, आत्ताच्या आत्ता’. मेक्सिकोत त्याचा अर्थ पाच मिनिटांपासून कधीच नाही इथपर्यंत काहीही असू शकतो. पोर्तो रिकोत तर बहुधा ‘नंतर बघू’. ग्राहक ‘आओरीता पैसे भरतो’ म्हणाला की तू सिस्टीममध्ये ‘आज’ लिहितेस, आणि महिनाअखेरीस आकडे जुळत नाहीत. घरात अंघोळीला चाललेला आपला माणूस फोनवर ‘आलोच’ म्हणतो, त्या ‘आलोच’मध्ये जेवढा वेळ असतो तेवढा धर. तारीख विचार. विचारल्याने कुणी रागावत नाही.

आता एकेरी-अनेकेरी. स्पॅनिशचा ‘तू’ आणि मराठीचा ‘तू’ उच्चाराला आणि अर्थाला एकच आहेत, मुळात एकाच आजीची नातवंडं. पण दोघांचा संसार वेगळा. स्पेनमध्ये अनोळखी माणूसही पटकन ‘तू’वर येतो. आर्जेंटिनात ‘तू’ नाहीच, तिथे ‘बोस’. आणि बोगोताच्या आसपास उस्तेद, म्हणजे आपलं ‘तुम्ही’, नवरा बायकोला म्हणतो, आई पोराला म्हणते, अगदी जवळचा मित्रही म्हणतो. त्यात दुरावा नसतो. तू फोनवर सगळ्यांना उस्तेदच म्हण. समोरचा ‘तू’वर आला तरी महिनाभर उस्तेद सोडू नकोस, तुझा मराठी कान त्याला सरावलेला आहे.

शुद्ध स्पॅनिश कुठलं, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याचं उत्तर लहान आहे. माद्रिदची शाही भाषा अकादमी १७१३ सालची. १९५१पासून देशोदेशीच्या अकादम्यांचा मिळून एक संघ आहे आणि त्याने २०१० साली फक्त अमेरिका खंडातल्या शब्दांचा जाडजूड कोश काढला. त्यात एकेका अर्थापुढे देशांची नावं लिहिलेली आहेत, शुद्ध-अशुद्ध असा न्यायनिवाडा नाही. मेक्सिकोत सुमारे १३ कोटी लोक राहतात, स्पेनमध्ये ५ कोटींच्या आसपास. तेव्हा त्या हसणाऱ्या बाईंना अशुद्ध म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. परीक्षेची धास्ती असेल तर सिएले नावाची परीक्षा बघ. स्पेनच्या सेरवांतेस संस्थेबरोबर सालामांका, मेक्सिको आणि ब्वेनोस आयरेसची विद्यापीठं मिळून ती घेतात. कुठल्याही एका देशाचं स्पॅनिश नीट बोललीस तर तिथे गुण कापत नाहीत.

एक देश मात्र निवड. तुझे बहुतेक कॉल मेक्सिकोचे असतील तर वर्षभर मेक्सिकोच धर. तिथल्या बातम्या, तिथला रेडिओ, भाजी चिरताना कानात चालू राहू दे. बाकीच्या देशांचं कानावर पडेल तसं वहीत लिहून ठेव, आणि प्रत्येक शब्दाशेजारी तो कुणाच्या तोंडून ऐकलास ते लिही: ‘बोगोताच्या आजी, वीजबिल, चिडलेल्या.’ अशा तीस नोंदी झाल्या की लीडरची यादी तूच दुरुस्त करून देशील.

राहिला मोना. कोश खोटा नाही, मोना म्हणजे माकडीण. स्पेनमध्ये त्याचाच दुसरा अर्थ ‘गोड, गोजिरी’. पण तुझा सहकारी बोगोताचा, आणि कोलंबियात मोनो-मोना म्हणजे गोऱ्या वर्णाचा, सोनेरी केसांचा. शिवाय तिथले फळवाले, भाजीवाले गिऱ्हाईक बाईला खुश करायला ‘मोना, काय देऊ?’ म्हणतात, केस कोळशासारखे काळे असले तरी. म्हणजे एक तर तो तुला लाडीगोडी लावतोय, किंवा त्याच्या तोंडात बसलेली ती नुसती हाक आहे. तक्रार नको. पण तुला ती हाक आवडत नसेल तर तसं त्याला साधेपणाने सांगायचा हक्क तुला आहे. ‘के पेना कोन उस्तेद’ने सुरुवात कर, तो दचकेल आणि लगेच ऐकेल.

आणि हो, तुमच्या मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असतो का? त्याने तुझे केस पाहिलेत की नाहीत, ते कळव.